त्रेचाळीस भिक्खू आणि एक बटण

त्रेचाळीस भिक्खूंचा मी एका बटणासरशी एकच भिक्खू केला, ही गोष्ट थायलंडातल्या आमच्या रोईएत शहरात आता सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना नसेल, त्यांना आमचे शेजारी सानानकाका अजून भेटलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. तिखटमीठ मीही लावीन, पण ते निदान घरचं असेल.

मला गाऊन सांगितलेल्या प्रवचनाचं वेड आहे. कुणाला लॉटरीचं असतं, कुणाला कोंबड्यांच्या झुंजीचं, मला हे. वेस्संतर राजपुत्राची, म्हणजे बुद्धांच्या मागच्या जन्माची, कथा जत्रेच्या दिवशी तेरा अध्यायांत सकाळपासून गायली जाते. त्याने राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकला, रथ दिला, आणि शेवटी पोटची दोन पोरंसुद्धा दिली. त्याची राणी मत्सी रानातून फळं घेऊन परत येते, पोरांना हाका मारते आणि हाकेला ओ येत नाही, हा भाग लागला की माझा रुमाल भिजतो. माझी बायको बुआपान हिच्या पिशवीत त्या दिवशी दोन जादा रुमाल असतात. त्यातला एकही तिच्यासाठी नसतो.

ह्या वेडापायी मी, अध्यापक महाविद्यालयातला एक बावन्न वर्षांचा मास्तर, गायन-प्रवचनांच्या चालींवर प्रबंध लिहायला घेतला. स्कूटरवरून गावोगाव हिंडलो, त्रेचाळीस भिक्खूंच्या मुलाखती घेतल्या. त्यातले आठ आता ह्या जगात नाहीत. त्यांच्या चाली कुठल्या पोथीत नाहीत; आहेत त्या माझ्या प्रबंधात. आणि विद्यापीठाचं पत्र आलं होतं की आठ वर्षं भरत आली आहेत, शुक्रवारी चार वाजेपर्यंत प्रबंध दाखल झाला तर झाला, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे मी रद्द झालो तर हरकत नव्हती, मला सवय आहे. पण त्या आठ जणांना कुणी दुसरा मास्तर मिळणार नव्हता.

लिहून सगळं झालं होतं. राहिली होती फक्त संदर्भसूची. लग्न लागलं, जेवणं झाली, वरात निघाली, आता फक्त चप्पल शोधायची, इतकंच काम. ज्याची चप्पल हरवली आहे त्याला विचारा.

संदर्भसूची हातानेच करायचा माझा विचार होता. पण सानानकाका कुंपणावरून डोकावले. सानानकाका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत. तीस वर्षं लोकांचे मीटर वाचल्यामुळे दुसऱ्याच्या घरात किती काय वाहतंय ते त्यांना भिंतीबाहेरून कळतं.

"मास्तर, हाताने? आजच्या काळात?" ते म्हणाले. "अहो, त्याचं सॉफ्टवेअर असतं. माझा जावई वापरतो. पुस्तक, माणूस, साल एकदा भरून ठेवायचं. मग तुम्ही नुसतं लिहीत जा. कंसात नाव तेच घालतं, शेवटी यादी तेच लावतं. कागद नावाला लागत नाही!"

हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं आणि ते स्वयंपाकघरात ऐकू गेलं. माझ्या मुलाखतींच्या वह्यांची सहा गाठोडी आठ वर्षं बुआपानच्या शिवणयंत्रावर होती. कामाचा मजकूर मी प्रबंधात उतरवून घेतल्यावर त्याच आठवड्यात ती रद्दीवाल्याकडे गेली. बायकोने काही लपवलं नाही. मी घरी आलो तेव्हा ती शिवत बसली होती.

सॉफ्टवेअर आलं. आता त्यात प्रत्येक माणसाला दोन चौकोन असतात: आडनाव आणि नाव. इथेच पहिला खडा लागला. आमच्याकडे आडनाव हे चांगल्या काचेच्या भांड्यांसारखं आहे, सरकारी कामाला तेवढं बाहेर काढायचं. तीस वर्षांच्या शेजाराने सानानकाकांचं आडनाव मला माहीत नाही आणि विचारलं तर ते संशय घेतील. सूचीसुद्धा आम्ही नावावरूनच लावतो. पण यंत्राला आडनावाशिवाय चैन पडेना. चौकोन रिकामा दिसला की तो लाल व्हायचा, आणि लाल काही दिसलं की मी घाबरतो.

त्यातून हे सगळे भिक्खू. भिक्खूच्या नावाआधी आदराने 'फ्रा' लावतात. ते न लावता नुसतं नाव लिहायचं म्हणजे महाराजांच्या खांद्यावर हात टाकून "काय रे सुथिन" म्हणण्यासारखं. माझ्या आईने मला तसं वाढवलं नाही. तेव्हा मी मनाशी हिशेब केला: पहिला चौकोन मानाचा, मान आधी. आणि आडनावाच्या चौकोनात त्रेचाळीस वेळा, हात जोडल्यासारखं, मी 'फ्रा' लिहिलं. नाव दुसऱ्या चौकोनात. कामाचं शीर्षक सगळ्यांचं एकच: 'मुलाखत, वेस्संतर-प्रवचनाची चाल'. सालही सगळ्यांना एकच लावलं, कारण मुलाखती कुठल्या वर्षी झाल्या ते आठवायला वह्या नव्हत्या.

साल लिहिलं मी आपलं नेहमीचं, बुद्धसंवताचं, २५६२. यंत्र परक्या पंचांगातलं. त्याला वाटलं, हे अजून साडेपाचशे वर्षांनी घडायचं आहे. म्हणून प्रत्येक मुलाखतीपुढे त्याने 'प्रकाशनाच्या मार्गावर' असं लिहून टाकलं. स्वर्गवासी झालेल्या आठ भिक्खूंपुढेही. पुनर्जन्मावर इतका गाढ विश्वास मी कुठल्याही यंत्रात पाहिला नव्हता. ते मी एकेक करून पुसलं.

आता ओरथाय मॅडम. विद्यापीठाच्या पदव्युत्तर कार्यालयात प्रबंधाचं बाह्यरूप त्या तपासतात. आतल्या विद्वत्तेशी त्यांचं देणंघेणं नाही. त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी आहे. डावा समास दीड इंच, उजवा एक इंच. एका थोर प्राध्यापकाचा ग्रंथ त्यांनी दोन मिलिमीटरसाठी परत पाठवला होता, आणि म्हणे पट्टी पुसून ठेवली होती. त्यांच्या सूचनापत्रकात सत्ताविसावी सूचना होती: 'सूचीत दुबार नोंदी नसाव्यात.'

बुधवारी सकाळी मी ती सूचना पाळायला बसलो. सॉफ्टवेअरमध्ये दुबार नोंदी शोधायचं बटणच आहे. दाबलं. उत्तर आलं: एकसारख्या नोंदी त्रेचाळीस. एकाच नोंदीत विलीन करायच्या का?

"काका, त्रेचाळीस म्हणतंय," मी कुंपणापलीकडे ओरडलो.

"मग आहेतच त्रेचाळीस! यंत्र कशाला खोटं बोलेल? दाबा आणि बंद करून ठेवा. वाफवलेल्या खीरवड्यांसारखं असतं ते, झाकण ठेवल्याशिवाय जमत नाही."

दाबलं, जतन केलं आणि बंद केलं. सूची नऊ पानांवरून पाच पानांवर आली. इतकं हलकं मला दाढ काढल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

दुपारी बुआपान तांदूळ निवडता निवडता माझी पानं चाळत होती. तिने चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.

"अहो, हे फ्रा सु. कोण? बरे आहेत ना ते?"

"का?"

तिने वाचलं, "'फ्रा सु. यांच्या मते चाल संथच असावी. फ्रा सु. यांना हे मुळीच मान्य नाही. फ्रा सु. यांनी तर स्पष्ट सांगितले की फ्रा सु. हे उतारवयात बेसूर झाले होते. फ्रा सु. यांचे निधन झाले. त्यानंतर फ्रा सु. यांनी ती चाल पुढे चालवली.'"

मी खुर्चीत बसलो. खुर्ची होती हे नशीब. यंत्राने दुसऱ्या चौकोनातल्या नावाचं आद्याक्षर करून त्रेचाळीस जणांना पहिल्या भिक्खूच्या, म्हणजे सुथिनमहाराजांच्या, चिवरात कोंबलं होतं. तात्त्विक दृष्टीने पाहिलं तर त्यात काही चूक नव्हती. 'मी' असं काही नसतंच, हे भगवान बुद्धांनी सांगितलं आहे, आणि जे सिद्ध करायला साधकांना जन्म पुरत नाहीत ते मी दोन सेकंदांत करून दाखवलं होतं. परंतु परीक्षक मंडळ तितकं पोचलेलं नव्हतं.

'मागे घ्या' हे बटण झाकण ठेवल्यामुळे मेलं होतं. सुरक्षित प्रत दूरच्या कुठल्याशा साठवणीत होती. ती उघडली, तर तिनेही इमानदारीने एकच भिक्खू जपून ठेवला होता. वह्या रद्दीत. ध्वनिमुद्रणं फोनमध्ये होती, पण ती एकशे बारा तासांची. शुक्रवारी चारला अठ्ठेचाळीस तास उरले होते. शिवाय प्रत्येक मुद्रणाचा पहिला अर्धा तास महाराज माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात.

"यंत्राची चूक नाही," सानानकाका कुंपणाच्या अलीकडे येऊन म्हणाले. असल्या वेळी ते अलीकडे येतात. "तुम्हीच सगळ्यांना एक आडनाव दिलंत."

"मग काय 'फ्रा' गाळून लिहू? नरकात जाऊ?"

"पाणीखात्यात आम्ही देवळालासुद्धा ग्राहक क्रमांकच द्यायचो."

"म्हणून तुमच्या नळाला देवळात कधी पाणी आलं नाही!" बुआपान आतून म्हणाली. मग बाहेर येऊन तिने माझ्यासमोर चहा ठेवला.  कपात साखर दुप्पट होती, वह्यांबद्दलची. "तुम्ही त्या चालींना वर्षानुवर्षं रडताय," ती म्हणाली, "आणि कोण काय बोललं ते आठवत नाही?"

"रडताना लिहून घेतलं होतं ना. आठवायचं काम वहीवर सोपवलं होतं."

"मग ज्याला आठवतं त्याच्याकडे जा."

गुरुवारी सकाळी मी लुआंगपू खाम यांच्या विहारात पोचलो. लुआंगपू म्हणजे आजोबा-महाराज. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांवर पडदा, पण ह्या पंचक्रोशीत मत्सीचा विलाप त्यांच्यासारखा कुणी गाऊ शकत नाही. मी तीन वेळा डोकं टेकवलं आणि झालेला प्रकार सांगितला. ते हसले. पोट धरून हसले.

"त्रेचाळीस जणांना एकत्र बसवायला मी आयुष्यभर झटलो. जमलं नाही, एक आला की दुसरा रुसायचा. तू एका बोटाने जमवलंस?"

"जमवलं, पण आता सोडवायचं आहे, लुआंगपू. मी वाक्यं वाचतो. कोण असं बोलेल, तेवढं सांगा."

वाक्यं होती चव्वेचाळीस. भिक्खू त्रेचाळीस. एकाने दोन सांगितली असतील, असं मी धरून चाललो होतो.

"'चाल धावली की अर्थ मागे राहतो,'" मी वाचलं.

"हा नोंग सिम गावचा. स्वतः इतका सावकाश गायचा की लोक मधल्या मधे भाताची लावणी उरकून यायचे. पुढे."

"'आवाज नारळाच्या दुधासारखा हवा, वर तवंग दिसला की नासला.'"

"बान फायचा जाडा. त्याला खाण्याशिवाय उपमाच सुचत नाही. सुखी राहो."

"'श्रोता झोपला तर दोष श्रोत्याचा नाही.'"

"हा मला उद्देशून बोललाय! ताकुआचा मुख्य भिक्खू. लिही, लिही, नाव नीट लिही त्याचं."

असं चाललं. मी वाचत होतो, ते डोळे मिटून ऐकत होते, आणि एकेक भिक्खू फ्रा सु. यांच्या चिवरातून बाहेर पडून आपापल्या आसनावर जाऊन बसत होता. मग एक वाक्य आलं: 'रडवायचं असेल तर आपण रडू नये.'  लुआंगपूंनी एक ओळ गुणगुणली. ती त्यांची चाल नव्हती, जरा उंच होती, शेवटी मोडणारी.

"चान," ते म्हणाले. "आम्ही एकाच दिवशी मुंडन केलं होतं. तीन वर्षावास झाले त्याला जाऊन. तू लिहून घेतलंस होय त्याचं? बरं केलंस."

सदतिसावं वाक्य वाचताना माझा आवाज आपोआप खुलला, कारण ते माझं सर्वांत आवडतं. "'गायन-प्रवचन ही श्रद्धेच्या सरितेवर सुरांनी बांधलेली नौका होय.'"

"हे कोण बोललं?"

"तेच आपण सांगायचं आहे."

"भिक्खू असं बोलत नाहीत. सरितेवर नौका बांधतात? नौका काठावर बांधतात, मग पाण्यात ढकलतात. हे तुझं आहे, मास्तर. तू ते आमच्या भिक्षापात्रात टाकलंस."

माझे कान तापले. शपथेवर सांगतो, मला ते खरोखरच कुणीतरी सांगितल्यासारखं वाटत होतं. चांगली वाक्यं आपल्याला सुचतात तेव्हा ती इतकी चांगली असतात की आपली वाटतच नाहीत. एक वाक्य जास्त का, याचा उलगडा मात्र झाला.

शेवटचं वाक्य लुआंगपूंचं स्वतःचं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. 'मत्सीने मुलांना हाक मारताना सूर वर नेऊ नये, खाली न्यावा. आई मोठ्याने ओरडत नाही, ती खाली वाकून शोधते.'

"बोललो मी," लुआंगपू म्हणाले. "पण माझं नाही ते."

"मग कुणाचं?"

"मे बुंगचं. विहाराच्या मागे चटया विणायची. मी चौदा वर्षांचा, भिक्षेला जायचो. पटकीच्या साथीत दोन्ही पोरं गेली होती तिची. विणता विणता गायची, तिच्याकडून मी उचलली ती चाल. सत्तर वर्षं लोक माझ्या गाण्याला रडतात, मास्तर, आणि श्रेय माझ्या गळ्याला जातं. तिचं नाव घाल."

"पण लुआंगपू, तिचा ग्रंथ नाही, मुलाखत नाही..."

"प्रवचनाआधी मी गुरुवंदना गातो ती कशाला? घसा साफ करायला?"

मी वही काढली. आता वही ठेवायला लागलो होतो. "आडनाव?"

"चटईवाली."

"साल?"

"मोठा पूर आला त्याच्या पुढचं."

घरी येऊन मी सगळं पुन्हा भरलं. सानानकाकांनी ह्या वेळी खरोखर उपयोगी शोध लावला: अख्खं नाव 'फ्रा'सकट पहिल्या चौकोनात घालायचं आणि दुसरा रिकामा ठेवायचा. "लाल होऊ दे. बंद घराचा मीटरही लालच असतो, त्याने काय पाणी अडतं?" त्रेचाळीस भिक्खू त्रेचाळीस झाले. मे बुंगला एक ओळ मिळाली. आणि नौकेचं वाक्य? ते टाकवेना. सुदैवाने मी ते जिल्हा शिक्षक संघाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतही छापलं होतं. तेव्हा मी तिथला आधार दिला, स्वतःचा. स्मरणिकेचं नाव लांब, म्हणून नोंद दोन ओळींची झाली. त्रेचाळीस महाराजांच्या पंगतीत मी. ती ओळ मी बुआपानला तीनदा दाखवली.

"दिसली," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

शुक्रवारी अडीच वाजता ओरथाय मॅडमनी पट्टी काढली. तीनशे बारा पानं. प्रत्येक पानावर पट्टी ठेवायच्या, उचलायच्या, पुढे. माझा श्वास पट्टीबरोबर खालीवर होत होता. तीन वीसला त्या शेवटच्या पानावर आल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

तीनशे बाराव्या पानावर सूचीची एकच ओळ होती. अख्ख्या पांढऱ्या पानावर एकटी, बस चुकलेल्या माणसासारखी.

"शेवटच्या पानावर एकटी ओळ चालत नाही. एकोणिसावी सूचना. एक ओळ कमी करा, वर बसेल."

"अक्षर बारीक केलं तर?"

"आठवी सूचना."

"समास जरा..." मी म्हटलं. त्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. मग पेन्सिलीचं टोक यादीवरून फिरवत त्या मे बुंगवर आल्या. "ही कोण? ग्रंथ नाही, साल नाही. 'मोठ्या पुराच्या पुढचे वर्ष'? हे काय साल आहे? हिला काढा, ओळ मिळेल. कुणी विचारणार नाही, आचार्य."

कुणी विचारणार नाही, हे खरंच होतं. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तीन बत्तीस झाले होते.

"मॅडम, मत्सीच्या विलापाची चाल हिची आहे."

"बरं. मग दुसऱ्या कुणाला काढा. मला ओळ हवी, नाव कुठलं ते तुमचं तुम्ही बघा."

मी यादीवर बोट ठेवलं. नोंग सिमचे संथ महाराज. ते कसे काढू? जाडे महाराज, त्यांनी तर दोन वेळा जेवूही घातलं होतं. चान.  असं करत करत बोट खाली आलं आणि एका दोन ओळींच्या नोंदीवर थांबलं. थोंगखून, जिल्हा शिक्षक संघ, रौप्यमहोत्सवी स्मरणिका. मी आणि माझी नौका.

खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मी पुन्हा एकदा वर जाऊन बघितलं, दुसरं कुणी मिळतंय का.

कार्यालयातल्या संगणकावर मी नोंद काढली. आधार गेल्यावर वाक्य लटकलं; तेही काढलं. सॉफ्टवेअरने विचारलं, 'पक्के?' स्वर्गवासी महाराजांना न विचारता 'प्रकाशनाच्या मार्गावर' धाडणाऱ्या यंत्राने नेमकं इथे विचारावं! मी 'हो' दाबलं. सूची एका पानाने आखडली. पानं पुन्हा छापून निघेपर्यंत तीन छप्पन्न झाले. ओरथाय मॅडमनी पट्टी ठेवली, उचलली आणि शिक्का मारला.

"बसलं," त्या म्हणाल्या. मग पट्टी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता: "यंदा मत्सीचा अध्याय कोण गाणार?"

"लुआंगपू खाम."

"अस्सं," त्या म्हणाल्या.

जत्रेच्या दिवशी मी बांधलेला प्रबंध लुआंगपूंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो हाताने चाचपला, पाठीवरून, कडांवरून. "नावं वाच," म्हणाले. मी सूची वाचली. ते हात जोडून ऐकत होते, मध्येच एखाद्या नावाला "हं" म्हणत होते. यादी संपली.

"आणि तुझं कुठे आहे?"

"आत जागा झाली नाही, लुआंगपू. पुठ्ठ्यावर आहे. सोनेरी अक्षरांत."

"मग बरं," ते म्हणाले. "वाळवी पुठ्ठ्यालाच आधी लागते."

आणि ते धर्मासनावर चढले. मंडपात खाओपूनच्या शेवयांचा वास, बायकांच्या बाजूला पंख्यांच्या वाऱ्याची लाट, बुआपानने आधीच हातात दिलेला रुमाल. लुआंगपूंनी गुरुवंदना उचलली. दरवर्षीची ती मला पाठ आहे. ह्या वर्षी पहिलंच नाव नवं होतं. मे बुंग, त्यांनी गायलं, आणि सूर खाली नेला.

"ही कोण आता?" सानानकाका माझ्या मागून भर मंडपात मोठ्याने म्हणाले.

बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, ओरथाय मॅडमनी मान न वळवता उत्तर दिलं.

"पान तीनशे अकरा. गप्प बसा."